लोखंडी झाकणाच्या शोधात

छंद असावा तर चार लोकांना दाखवता येईल असा असावा. पोस्टाची तिकिटे पाहुण्यांपुढे ठेवता येतात, जुने कंदील पेटवून दाखवता येतात; पण चुंबकरोधक मनगटी घड्याळे जमवणाऱ्याने काय दाखवावे? चुंबक जवळ आणला तरी घड्याळाला काहीच होत नाही, हे त्या घड्याळाचे सारे कर्तृत्व, आणि काहीच न होणे पाहण्यासाठी चहा संपल्यावर थांबायला कोणी तयार नसते.

तरीही मी समजावून सांगतो. चावीच्या घड्याळात ठेका धरणाऱ्या चाकाला, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणारी, केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग असते. तिच्यात चुंबकत्व शिरले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागू लागते आणि घड्याळ पुढे पळत सुटते. इथवर आलो की पाहुणे हमखास म्हणतात, "पुढेच जातं ना? मग चांगलंच आहे की!"

या दुखण्यावर घड्याळवाल्यांनी दोन उपाय काढले. पहिला उपाय धातू बदलण्याचा. लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूंवर काम करणाऱ्या शार्ल गिय्योम यांना १९२० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले आणि त्या वाटेने पुढे चुंबकाला सहसा दाद न देणाऱ्या स्प्रिंगा आल्या. दुसरा उपाय, ज्याच्यावर माझा जीव जडला आहे, तो म्हणजे सगळे मशीन मऊ लोखंडाच्या आतल्या डबीत बंद करण्याचा. चुंबकीय क्षेत्र मग मशीनला वळसा घालून त्या लोखंडातूनच निघून जाते. आयडब्ल्यूसीचे इंजेनियर १९५५ साली, रोलेक्सचे मिलगाऊस १९५६ साली आणि ओमेगाचे रेलमास्टर १९५७ साली आले, तेव्हा वीजकेंद्रे, प्रयोगशाळा आणि रेल्वे यांत काम करणारी माणसे डोळ्यांसमोर होती, आणि सहन करण्याची हमी होती १००० गाऊसच्या (गाऊस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) आसपासची. मिलगाऊसला त्या काळी फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. त्यामुळेच ते आज दुर्मीळ आहे, आणि २०२३ साली जिनिव्हातल्या लिलावात त्यातले एक वीस लाख स्विस फ्रँकच्याही वर गेले. ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली नाही.

माझी धाव पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत. तेथे चुंबकरोधक घड्याळांचा तुटवडा मुळीच नाही, कारण त्या काळातल्या कितीतरी स्विस घड्याळांवर 'अँटीमॅग्नेटिक' असे लिहिलेलेच असते. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच, की स्प्रिंग जरा बऱ्या धातूची आहे. पुढे ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानेही अपेक्षा बेताचीच ठेवली: मीटरला ४८०० अँपियरचे, म्हणजे साधारण ६० गाऊसचे क्षेत्र सोसावे आणि दिवसाला ३० सेकंदांहून अधिक चुकू नये. त्यातच जुन्या डायली नव्याने रंगवून छापण्याची आपल्याकडची कला अशी, की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून ओळखतात आणि चार हात दूर राहतात. रंगाऱ्याचा हात सढळ असेल, तर जे गुण घड्याळाच्या अंगी जन्मतः नव्हते तेही डायलवर उमटतात. म्हणून डायलवरच्या अक्षरांवर माझा काडीचा विश्वास नाही. मला आतले झाकण पाहायचे असते.

"आत लोखंडी झाकण आहे का?" मी विचारतो.

"लोखंडी कशाला, काका? स्टील आहे, स्टील!" विक्रेता दुखावलेल्या स्वरात सांगतो.

फार विनवण्या केल्यावर तो मागचे झाकण उघडतो, मी भिंग डोळ्याला लावतो, आणि समोर उघडेवाघडे मशीन टिकटिकत असते. "असेल हो पूर्वी. दुरुस्तीच्या वेळी कोणी काढून ठेवलं असेल. मध्येमध्ये येत असणार ते." यावर काय बोलणार? मध्ये येणे हेच तर त्याचे काम होते.

एकदा मात्र ते मिळाले. घड्याळ कोणत्याही नामांकित घराण्यातले नव्हते, काच पिवळी पडलेली होती, पण झाकणाखाली दुसरे झाकण होते: काजळाच्या डबीसारखे पातळ, मळकट राखाडी, कडेला गंजाचा ठिपका, आणि आतल्या बाजूला कोण्या जुन्या कारागिराने सुईने कोरलेली दुरुस्तीची खूण. मी ते घरी आणून पत्नीला दाखवले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि विचारले, "तारीख दाखवत नाही?"

मी सांगितले, की डायलसुद्धा त्या लोखंडी कवचाचाच भाग असते आणि तारखेसाठी भोक पाडले तर कवच तेथे दुबळे पडते. "म्हणजे," ती म्हणाली, "चुंबकाच्या भीतीने तारखेलाही मुकायचं."

तेव्हापासून मला घरात सगळीकडे चुंबकच दिसतात. फ्रिजच्या दाराची पट्टी, मोबाईल, इअरफोनची डबी, टॅब्लेटचे कव्हर, पर्सचे बटण. होकायंत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात फिरू लागलो, की घरचे वाट सोडून उभे राहतात. त्यात आमच्या मेहुण्यांनी काही शे रुपयांची एक निळी डबी आणून दिली. चुंबकलेले घड्याळ तिच्यावर धरून बटण दाबायचे आणि हळूहळू वर उचलायचे, की चुंबकत्व काही सेकंदांत उतरते. एवढ्या स्वस्तात काम होत असताना हा लोखंडाचा खटाटोप कशाला, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, आणि म्हणूनच मी त्यांच्याशी या विषयावर बोलत नाही.

गेल्या वर्षी कंबरेच्या दुखण्यासाठी एमआरआय काढायची वेळ आली, तेव्हा या छंदाला अखेर दाद देणारा माणूस भेटणार, अशी मला आशा वाटली. तंत्रज्ञाने घड्याळ काढायला सांगताच मी ते साधे घड्याळ नसल्याचे नम्रपणे सांगितले आणि १००० गाऊसचा विषय काढला. त्याने अदबीने ऐकून घेतले, आतले यंत्र १५,००० गाऊसचे असल्याचे सांगितले आणि प्लास्टिकचा ट्रे पुढे केला. मी तरीही माघार घेतली नाही. आत मऊ लोखंडाचे स्वतंत्र झाकण आहे, हेही त्याच्या कानावर घातले.

"लोखंडाचं?" तो दारात आडवा होत म्हणाला. "मग काका, आधी ते काढा, आणि तुम्ही दोन पावलं मागे सरा."