खुलासा : रीळचा ड्रॅग पूर्ण आवळण्याबाबत

‘ड्रॅग पूर्ण आवळा, मग मासा सुटणारच नाही,’ असा सल्ला बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील हौशी गळकऱ्यांच्या मोबाइलवर सध्या फिरतो आहे. ड्रॅग म्हणजे दोरी गुंडाळण्याच्या रीळवरचा ब्रेक; मासा किती जोराने ओढल्यावर दोरी सुटू लागेल, हे तो ठरवतो. हा सल्ला सरसकट खरा नाही.

मुळात ही पद्धत अमेरिकेतील बास माशाच्या शिकारीतली आहे. तेथे दाट पाणवनस्पतींत दडलेला मासा बुंध्यांना दोरी गुंडाळण्याआधी ओढून काढावा लागतो, म्हणून ५० ते ६५ पौंड ताण सोसणारी, न ताणली जाणारी विणीव दोरी आणि ताठ काठी वापरून ड्रॅग जवळजवळ बंद करतात. आपल्याकडे शेवाळात बेडकाच्या आकाराचे आमिष टाकून मरळ धरताना हे काही अंशी लागू पडते. परंतु हिडकलच्या जलाशयासारख्या उघड्या पाण्यात साध्या नायलॉन दोरीवर कटला लागला, तर त्याच्या पहिल्याच धावेत दोरी तुटते किंवा गळ सरळ होतो, आणि तुटते ती बहुधा गाठीपाशी, कारण गाठीमुळे दोरीची ताकद घटते. (गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, एवढे साधे पथ्यही त्या संदेशात नाही.)

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवावा. १० किलो ताण सोसणाऱ्या दोरीला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) बांधून ओढल्यास सुमारे अडीच ते तीन किलोवर रीळ सुटू लागले पाहिजे.

गळ रुतवण्यासाठी ‘होडीत उभे राहून झटका द्या’ हा सल्लाही रुंद, स्थिर होडीपुरताच आहे; लहान डोणीत बसूनच ओढावे.