ताळा जुळायला हवा : सोन्याच्या सशाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

'मास्करेड'वरच्या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपण नाव दिलेलं नाही, त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळेना; 'आपण' म्हणते. पहिल्या वाचनात राग आला, तिसऱ्या वाचनात लक्षात आलं की दोन ठिकाणी आपलं बरोबर आहे आणि माझं चुकलंय. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. किट विल्यम्स या इंग्लिश चित्रकाराचं हे पुस्तक १९७९ साली आलं. त्यात पंधरा चित्रं आणि एक गोष्ट आहे. चंद्र सूर्याच्या प्रेमात पडतो आणि जॅक नावाच्या सशाबरोबर सूर्यासाठी एक दागिना पाठवतो. विल्यम्सने तो दागिना खराखुरा घडवला. अठरा कॅरेट सोन्याचा, रत्नं जडवलेला ससा. मातीच्या भांड्यात घालून, बॅम्बर गॅसकॉइन या एकाच साक्षीदारासमोर त्याने तो रात्री जमिनीत पुरला. कुठे पुरला ते चित्रांत दडवलं होतं. लाखो लोकांनी पुस्तक घेतलं आणि अडीच वर्षं इंग्लंड कुदळ-फावडी घेऊन फिरत होतं.

आता आपले आक्षेप, आपल्याच शब्दांत: "रिकामटेकड्यांचा उद्योग आहे हा. खुणा शोधायला बसलं की सगळीकडे खुणाच दिसतात. आपल्याकडे गुप्तधनासाठी खणणाऱ्यांना पोलीस धरून नेतात आणि तुम्ही तिकडच्या खणणाऱ्यांचं कौतुक करता. शिवाय तो ससा लबाडीने सापडला होता, ते तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. आणि गोष्ट? ती कुणी वाचलीच नाही."

गुप्तधनाचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला सगळ्यांत जास्त लागला. मराठी माणसाला 'पुरलेलं सोनं' म्हटलं की काय आठवतं ते मलाही माहीत आहे. अमावास्या, लिंबू, मांत्रिक, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची वाचवणार नाही अशी बातमी. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना गुन्हा ठरवलं, ते योग्यच झालं. पण मांत्रिकाचं बोलणं नीट ऐका. धन सापडलं नाही तर तो म्हणतो मुहूर्त टळला, कुणीतरी मागे वळून पाहिलं, अजून एक विधी करावा लागेल. त्याचं म्हणणं खोटं ठरू शकेल अशी एकही जागा तो ठेवत नाही. विल्यम्सच्या पुस्तकात अशा जागा पावलोपावली आहेत. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

शाळेत वजाबाकी केली की बाई ताळा करून बघायला लावायच्या. उत्तरात वजा केलेली संख्या मिळवा, मूळ आकडा आला तर गणित बरोबर. आलं नाही तर बाईंना विचारायला जायची गरजच नाही, चूक आपल्यालाच कळते. चांगल्या कोड्यात हा ताळा आतच शिवलेला असतो. आपण म्हणता, शोधायला बसलं की सगळीकडे खुणा दिसतात. खरं आहे, दिसतात. पण ताळा सगळीकडे जुळत नाही.

'मास्करेड'चा ताळा कसा आहे ते मूळ लेखात मी नीट उलगडलं नव्हतं. प्रत्येक चित्राच्या चौकटीवर अक्षरं रंगवलेली आहेत. चित्रातल्या प्रत्येक जिवाच्या, माणूस असो की प्राणी, डाव्या डोळ्यापासून डाव्या हाताच्या सर्वांत लांब बोटावरून एक रेघ चौकटीपर्यंत न्यायची. रेघ ज्या अक्षराला लागेल ते लिहून घ्यायचं. मग डाव्या डोळ्यापासून डाव्या पायाच्या अंगठ्यावरून. मग तसंच उजवीकडे. बोट किंवा डोळा झाकलेला असला तर ती रेघ सोडून द्यायची. कुठल्या क्रमाने जायचं याची सूचनाही एका चित्रातच आहे, आयझॅक न्यूटनच्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आली होती, सातवीतली. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडलं, वर ट्रेसिंग पेपर क्लिपांनी बसवला आणि तिच्या हातात पट्टी-पेन्सिल दिली. उत्तर मला माहीत होतं, तिला नव्हतं. एका चित्रात तिने सगळ्या रेघा ओढल्या, अक्षरं लिहिली, आणि शब्द होईना. तिने अक्षरं पुढेमागे करून पाहिली. मग काही न बोलता पट्टी पुन्हा डोळ्यावर ठेवली आणि पाहिलं, तर ती बाहुलीऐवजी पापणीच्या कडेपासून निघाली होती. केसभर फरक. पण चौकटीपर्यंत जाता जाता रेघ शेजारच्या अक्षरावर गेली होती. रेघ सुधारली आणि शब्द लागला. मी तोंडही उघडलं नव्हतं. तिची चूक तिला त्या पानाने दाखवली.

अशा पंधरा चित्रांतून इंग्रजीतले शब्द आणि शब्दजोड्या मिळतात. त्या सलग वाचल्या की आशय असा निघतो: कॅथरीनच्या लांब बोटाची सावली जमिनीवर जिथे पडते तिथे पिवळा ताईत पुरला आहे, मध्यान्ह वेळ दाखवते, संपातदिनाच्या उजेडात पाहा. कॅथरीन म्हणजे आठव्या हेन्रीची पहिली राणी, कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन. तिच्या स्मरणार्थ उभारलेला एक क्रूस बेडफर्डशरमधल्या अ‍ॅम्पटहिल इथल्या बागेत आहे. दिवसरात्र सारखे असतात त्या दिवशी भर दुपारी क्रूसाच्या सावलीचं टोक जिथे टेकतं तिथे ससा होता.

पण हे अ‍ॅम्पटहिलच कशावरून? कॅथरीन नावाच्या बाया काय थोड्या झाल्या! म्हणून त्या पंधरा तुकड्यांची फक्त पहिली अक्षरं वरून खाली वाचायची. 'क्लोज बाय अ‍ॅम्पटहिल', म्हणजे अ‍ॅम्पटहिलच्या जवळ. एका चित्रात सूर्य आणि चंद्र पृथ्वीभोवती हात धरून नाचतात, आणि त्यांचे गुंफलेले हात वसंतसंपाताची तारीख दाखवतात. एकाच उत्तराकडे तीन वेगवेगळ्या वाटांनी येता येतं आणि तिन्ही वाटा एकाच जागी निघतात. ढगात हत्ती दिसणं आणि हे, एका मापाने मोजू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. आद्याक्षरं खाली उतरवताना भाची अक्षरागणिक मोठ्याने बोलत होती आणि 'एच'ला पोचल्यावर एकदम गप्प झाली. तो क्षण तिला रिकामटेकडी ठरवण्याइतका स्वस्त नाही.

आता जिथे आपलं बरोबर आहे ते. ग्लॉस्टरशरमध्ये हेअर्सफील्ड बीकन नावाची टेकडी आहे. 'हेअर' म्हणजे ससा. नावात ससा आहे एवढ्या आधारावर लोकांनी तिथे इतकं खणलं की इथे ससा पुरलेला नाही अशी पाटी लावावी लागली, आणि तिचा खर्च विल्यम्सने केला. लोकांनी खासगी जागांतही खड्डे पाडले. हे मी लेखात लिहायला हवं होतं. नावावरून कुदळ मारणारे आणि पट्टी घेऊन बसणारे मी एकाच कौतुकात बसवले, ती माझी चूक. टेकडीवरच्या त्या खड्ड्यांना कसलाच ताळा नव्हता, आणि तिथे आपली गुप्तधनाची तुलना मला खोडता येत नाही.

दुसरी चूक लबाडीच्या बाबतीतली. १९८२च्या सुरुवातीला 'केन थॉमस' असं नाव सांगणाऱ्या माणसाने विल्यम्सकडे जागेचं एक ढोबळ रेखाटन पाठवलं. जागा बरोबर होती. ससा त्याला मिळाला. १९८८मध्ये 'संडे टाइम्स'ने उघड केलं की ते नाव खोटं होतं, आणि त्या माणसाच्या व्यवसायातल्या भागीदाराची मैत्रीण पूर्वी विल्यम्सबरोबर राहत असे. ससा अ‍ॅम्पटहिलच्या आसपास असणार हा अंदाज तिच्याकडून आला होता. चित्रांतलं कोडं त्यांनी सोडवलंच नव्हतं. विल्यम्सला हे कळल्यावर फार मोठा धक्का बसला. त्याच वर्षी तो ससा लिलावात ३१,९०० पौंडांना गेला. एका ओळीत मिटवण्यासारखा हा प्रकार नव्हता, हे मान्य.

पण लबाडीची गोष्ट सांगायची तर तिची दुसरी बाजूही पूर्ण सांगू या. थॉमसला बक्षीस दिल्यानंतर थोड्याच दिवसांत विल्यम्सकडे आणखी एक उत्तर आलं. माइक बार्कर आणि जॉन रूसो, दोघं शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. त्यांनी रेघा ओढल्या होत्या, शब्द लावले होते, आद्याक्षरं वाचली होती, सावलीचं गणित मांडलं होतं. सगळं बिनचूक. बार्कर तर अ‍ॅम्पटहिलला जाऊन खणूनही आले होते. ससा ज्यात होता ते मातीचं भांडं बहुधा त्यांच्याच खणण्यात वर आलं, पण ढेकळांत ते त्यांना ओळखू आलं नाही, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या मातीच्या ढिगातून थॉमसने ते उचललं असावं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. इतक्या जवळ! तरीही माझ्या लेखी कोडं त्या दोघांनीच जिंकलं. थॉमसच्या हातात सोनं आलं, उत्तर आलं नाही. आपण म्हणता ससा लबाडीने सापडला म्हणून सगळा शोधच फोल. मी म्हणते, ज्यांनी ताळा करून पाहिला त्यांचं उत्तर १९८२मध्ये बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे.

सगळीच कोडी अशी प्रामाणिक नसतात, आणि तिथे मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. 'केन्स जॉबोन' ही १९३४ची कादंबरी घ्या, 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने शब्दकोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅथर्सची. सहा खून आणि शंभर पानं, पण पानं मुद्दाम विस्कटून छापलेली. त्यांचा क्रम लावायचा. शंभर पानं जितक्या प्रकारे मांडता येतात तो आकडा १५८ अंकी आहे. त्या काळी दोघांनी उत्तर काढलं. २०१९च्या पुनर्मुद्रणानंतर जॉन फिनेमोर या विनोदी लेखकाने टाळेबंदीत महिनोन्‌महिने बसून २०२०मध्ये ते सोडवलं. पुढच्या वर्षी टिकटॉकवर एका तरुणीने सगळी पानं खोलीच्या भिंतीवर डकवलेली जगाने पाहिली (आपल्याकडे टिकटॉक तोवर बंद झालं होतं, आपण ते इन्स्टाग्रामवर पाहिलं) आणि पुस्तक दुकानांतून संपलं. माझ्याकडेही ते आहे. पण चाळीस पानं लावून झाली की ती बरोबर लागली का, हे पुस्तक ठामपणे सांगत नाही. सगळं पूर्ण करून उत्तर पाठवा आणि वाट बघा. अशा अंधारात माणूस वाटेल तिथे धागा जोडतो, आणि दोष मी वाचकाला देणार नाही.

त्याहून दुःखाचं प्रकरण 'द सीक्रेट' या १९८२च्या पुस्तकाचं. बायरन प्राइसने उत्तर अमेरिकेत बारा पेट्या पुरल्या. शिकागोतली १९८३मध्ये मिळाली, क्लीव्हलँडची २००४मध्ये, बॉस्टनची २०१९मध्ये, तीही मैदानाचं काम निघालं म्हणून. मधल्या काळात, २००५ साली, प्राइस अपघातात गेले आणि उरलेल्या नऊ जागा त्यांच्याबरोबर गेल्या. चाळीस वर्षांत बागा बदलल्या, झाडं तुटली, भिंती पडल्या. तिथे आजही शोधणाऱ्या माणसाला मी उत्तेजन देणार नाही. ताळा करायला समोर काही उरलेलंच नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, गोष्ट कुणी वाचलीच नाही हा. हा मला मुळीच मान्य नाही. गोष्टीत काय होतं पाहा. जॅक ससा पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी ओलांडत सूर्यापर्यंत पोचतो, आणि दागिना द्यायला जातो तर दागिना नाही. वाटेत कुठेतरी हरवलाय. गोष्ट तिथे थांबते. पुढचं वाचकाने करायचं आहे. पट्टी घेऊन बसलेला माणूस गोष्टीची चिरफाड करत नाही, सशाने जे हरवलं ते हुडकायला तो गोष्टीतच शिरलेला असतो. विल्यम्सला लहानपणी भेटलेल्या खजिन्याच्या खेळांत कोडीही फुसकी असायची आणि खजिनाही. म्हणून त्याने खरं सोनं आणि खरी कोडी दिली. चित्र एका नजरेत बघून पान उलटलं जातं याचं कुठल्याही चित्रकाराला वाईट वाटतं. त्याच्या चित्रांसमोर लोक तासन्‌तास बसले, कोळ्याच्या जाळ्यापासून गवताच्या पात्यापर्यंत सगळं पाहिलं. भाचीला आज विचारा, कुठल्या चित्रात कोणाचा हात कसा आहे ते ती डोळे मिटून सांगेल.

मूळ लेखात आज रात्री दोन दुरुस्त्या करते. हेअर्सफील्डच्या टेकडीवरचे खड्डे आणि त्या पाटीची हकिगत घालते, आणि थॉमस प्रकरण बार्कर-रूसोंसकट पूर्ण लिहिते. 'वेडे पण गोड लोक' हे वाक्य काढते. आपल्याला ते खुपलं होतं आणि आता मलाही खुपतं, कारण पट्टी धरणाऱ्यांत वेडं काही नव्हतं. आपल्याकडे पुस्तक असेल तर एकच चित्र घ्या, ट्रेसिंग पेपर लावा, आणि रेघ बाहुलीच्या मधोमधून काढा. पापणीवरून काढू नका.