रॅमचा सीएल आकडा आणि वेग : एक खुलासा

‘डीडीआर४ रॅमचा सीएल १६ असतो, डीडीआर५चा ३० किंवा ४०, म्हणजे नवी रॅम प्रत्यक्षात संथच’, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. सीएल हा आकडा वेळ सांगत नाही. वाचनाची आज्ञा मिळाल्यापासून पहिली माहिती बाहेर पडेपर्यंत क्लॉकचे किती ठोके जातात, एवढेच तो सांगतो, आणि रॅमचा वेग वाढला की प्रत्येक ठोका आखूड होतो. सीएलला २०००ने गुणून रॅमच्या वेगाने (नावात पुढे येणाऱ्या ३२००, ६००० अशा आकड्याने) भागल्यास नॅनोसेकंद मिळतात : डीडीआर४-३२०० सीएल १६ला १०, आणि डीडीआर५-६००० सीएल ३०लाही नेमके १०. दाव्यात तथ्य आहे ते डीडीआर५-४८०० सीएल ४०पुरते, कारण तिथे सुमारे १६.७ नॅनोसेकंद लागतात. तरीही माहिती वाहून नेण्याची तिची कमाल क्षमता डीडीआर४-३२००च्या दीडपट असते.

बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूलभूत सेटिंगमध्ये, एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा जाहीर वेग लागू करणारी तयार सेटिंग) चालू न केल्यास वेगवान रॅमही बहुधा मूळच्या कमी वेगानेच चालते, त्यामुळे तुलनेपूर्वी ते तपासावे. टायमिंग, म्हणजे सीएलसारखे आकडे, हाताने कमी करणाऱ्यांनी मेमटेस्ट८६सारखी रॅममधील चुका शोधणारी चाचणी पूर्ण होऊ द्यावी, कारण अस्थिर रॅम संगणक बंद न पाडताही फाइली बिघडवू शकते.