'रांगडा मावळा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: चाव्यांच्या डब्याबद्दल

'रांगडा मावळा' यांस,

गटारीला घरी मंडळी बोलावणार असाल तर दारातच सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या घेऊन डब्यात टाका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता, "काका, हा पाहुणचार आहे की पोलीस चौकी? दोन पेगांनी कुणाला काही होत नाही. स्वतः पीत नसाल तर दुसऱ्यांना शिकवू नका. आणि अमावस्येच्या रात्री पावसात रिक्षा कुठून आणायची?"

चार वाक्यं, आणि चारही कमरेवर हात ठेवून. माझं म्हणणं न पटणारे इथे पुष्कळ येतात. ते स्वतःच्या नावाने लिहितात आणि 'काका' म्हणताना टोमणा मारत नाहीत. तुम्हाला तेवढंही जमू नये?

एक मान्य. दारातच डबा पुढे करणं जरा शाळेतल्यासारखं होतं. माणूस टेकला, पाणी प्यायला, की मग चावी मागावी. झालं समाधान?

आता 'स्वतः पीत नसाल तर'. हे तुम्हाला सांगितलं कुणी? माझ्या वडिलांची इस्लामपूरकडे परमिट रूम होती. कॉलेजात असताना संध्याकाळचा गल्ल्यावर मीच असायचो. क्वार्टर, चखणा, उधारीची वही, सगळं माझ्या हातून गेलंय. कुठला माणूस कितव्या पेगाला इंग्रजीवर येतो आणि कितव्याला भावाच्या आठवणीने रडतो, हे मला त्याच्या बायकोआधी कळायचं. तुम्ही पार्ट्या केल्या असतील, मी रोज रात्री शुद्धीत बसून त्या पाहिल्यात.

वडील गल्ल्याच्या खणात चाव्या ठेवून घ्यायचे. राजदूत, बजाज, लुना, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचीसुद्धा. आईबहिणीवरून शिव्या खायचे. का करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक जगलं तर उधारी फिटंल." सरळ हिशेब. सकाळी तीच माणसं मान खाली घालून यायची, चावी घेऊन जायची, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच टेबलावर. एकानेही बार बदलला नाही. दारू विकून पोट भरणाऱ्याला जे जमलं, ते फुकट पाजणाऱ्या यजमानाला जड का जावं?

आणि पाहुणचाराचंच म्हणाल तर आपल्याकडे उठणाऱ्या पाहुण्याचा हात धरून त्याला पुन्हा पाटावर बसवतात. तेव्हा कुणाला चौकी आठवत नाही. मग 'घ्या हो, उद्यापासून श्रावण' म्हणत तिसरा लार्ज ओतणारा यजमान दिलदार, आणि चावी मागणारा हवालदार, असं कसं? मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ सगळ्यांना माहीत असतं. पुढचं १८८ कुणी वाचत नाही. या गुन्ह्याला उद्युक्त करणाऱ्यालाही तीच शिक्षा त्यात सांगितली आहे. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त ओतली' म्हणून सुटाल, असं धरून चालू नका.

दोन पेगांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात वादाला जागाच नाही. ६० मिलीचे दोन म्हणजे साधारण ४० ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलीमागे ८० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. कायद्याची मर्यादा ३०. उतरतं तासाला पंधराएक मिलिग्रॅमने. म्हणजे शेवटच्या घोटानंतरही तीन-साडेतीन तास बसून राहावं लागेल. लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, तोंडावर पाण्याचे हबके, यांनी डोळे उघडतात, रक्तातला आकडा हलत नाही. आणि आमच्या नऱ्ह्यातून बाहेर पडलं की समोर काय, तर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, आषाढातला ओला रस्ता आणि मागून न्यूट्रलवर सोडलेला ट्रक. तिथे न प्यालेली माणसंसुद्धा जीव मुठीत धरून गाडी चालवतात. तुमचे 'दोन पेग' त्या ट्रकवाल्याला कोण सांगणार?

रिक्षाचं म्हणाल तर मी वाहतूक खातं चालवत नाही. मूळ लेखात गाद्या, चादरी आणि पिठलं-भाताबद्दल अख्खा परिच्छेद आहे. पूर्ण वाचून मग लिहायची पद्धत असते.

बाकी, तुमच्या प्रतिक्रियेखाली ज्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली आहे, त्यातले दोघे गेल्या गटारीला आमच्याच हॉलमध्ये घोरत होते. सकाळी उठून पोहे मागून घेतले, दुसऱ्यांदा. त्यांनी तरी दात काढायला नको होते.