लेबल खरवडण्याची कला

तज्ज्ञ व्हायचंय? मग आधी एक ब्लेड विकत घ्या. ज्ञान मिळवायला वर्षं जातात, लपवायला ब्लेड पुरतं.

मला हे गेल्या पंधरवड्यात कळलं. थोरल्या भावाची सांगोल्याकडे अडीच एकर डाळिंबाची बाग आहे. पाऊस थांबेना आणि तेल्या रोग आला. फळावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग, मग तो काळा पडतो, मग मधोमध चीर. सल्लागार आले, गाडीतून न उतरता दोन फळं बघितली आणि दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती तीन बाटल्या पाठवल्या. तिन्हींची लेबलं खरवडलेली. झाकणावर स्केचपेनने १, २, ३. "साहेब, यात आहे काय?" दादाने फोनवर विचारलं. "तुम्हाला फळाशी मतलब की नावाशी?"

तर होतकरू तज्ज्ञांनो, पहिला धडा इथे संपला.

दुसरा: प्रमाण विचारलं की "अंदाजाने घ्या" म्हणावं.

तिसरा: शिबिरात सगळं दाखवावं, पण स्लाइड भराभर सरकवाव्यात. कोणी मोबाइल वर केलाच तर "पीडीएफ ग्रुपवर टाकतो." पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चौथा धडा वरच्या वर्गासाठी, म्हणजे शास्त्रज्ञांसाठी. बाटल्यांचा भरवसा वाटेना म्हणून मी रात्री शोधाशोध करत बसलो. तेल्याच्या जिवाणूवर नेमकं काय चालतं, यावरचा एक शोधनिबंध सापडला. झाडं आपल्याकडची, माती आपल्याकडची, संशोधकांचा पगार सरकारी, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातला. वरचा सारांश फुकट होता. त्यात म्हटलं होतं की अमुक इतके उपचार तपासले आणि त्यातला एक लक्षणीय सरस ठरला. कोणता? चाळीस डॉलर! साडेतीन हजार रुपये, तेही अठ्ठेचाळीस तास वाचायला. विकत नाही, भाड्याने. लिहिणाऱ्याने फुकट लिहिला, तपासणाऱ्यांनी फुकट तपासला आणि गल्ल्यावर बसलाय तिसराच, प्रकाशक. आमचा अडत्या उगाच बदनाम आहे हो, तो निदान शेतकऱ्याला विक्रीच्या हिशेबाची पट्टी तरी देतो. मी लेखकांना मेल केला. उत्तर एका सेकंदात आलं: मी कार्यालयीन कामानिमित्त बाहेरगावी आहे.

"अहो, सरकारने सोय केलीय की!" केलीय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, शोधनिबंधांची सुमारे १३,००० नियतकालिकं. उत्तम. कोणासाठी? सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या लोकांसाठी. दादाकडे सातबारा आहे, कॉलेजचं आयकार्ड नाही. म्हणजे आपणच पिकवलेलं आपल्याच पैशाने परत विकत घ्यायचं आणि तरी दादाने कुंपणाबाहेर उभं राहायचं.

पाचवा धडा: मूर्खांची चरित्रं वाचा, म्हणजे काय करू नये ते कळेल. फ्रान्समध्ये मेदोक भागात रस्त्याकडेची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून बागवाले वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं निळं पाणी मारायचे. १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठाच्या मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेली केवडा रोगापासून वाचल्यात. माणसाने काय करावं? बाटल्या भराव्यात, १, २, ३ घालावं. यांनी तीन वर्षं प्रयोग केले आणि १८८५ मध्ये कृती छापून टाकली! त्याचा परिणाम बघा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे आज आमच्या तालुक्यात पोराटोरांना पाठ आहे. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवायचा नाही, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, चुना मोरचुदात नाही. मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं. तांबूस थर चढला की अजून चुना हवा. कन्सल्टिंगचा धंदाच बुडवला की हो मिलार्देंनी.

दुसरे दिलीप महालनबीस. १९७१, पश्चिम बंगालमधलं बनगाव, बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्या, कॉलरा. सलाइन संपत आलं, तेव्हा या डॉक्टरने ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात घालून आयांच्या हाती दिलं. ना पेटंट, ना गुप्तता. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. लेबल खरवडून दिलं असतं तर किती छान झालं असतं, नाही?

"उघड केलं की चोरी होते," असं एकजण मला ऐकवत होता. हळदीचं आठवतं का? जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? जुन्या ग्रंथांत आणि छापील नियतकालिकात ते आधीच लिहिलेलं होतं म्हणून. आजीच्या बटव्यात राहिलं असतं तर पेटंट ऑफिसात काय बटवा उलटा करून दाखवणार होतात?

सहावा धडा... जाऊ दे. नाही जमत मला आता.

साहेब, तुमच्या तीन नंबरच्या बाटलीत काय होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. दादाच्या हातांना दोन दिवस आग होत होती, डॉक्टर विचारत होते काय मारलं, आणि आम्ही सांगत होतो, "तीन नंबर." लाज वाटायला हवी तुम्हाला. आणि दादा, तुलाही. गेल्या वर्षी तुझी बाग साधली तेव्हा शेजाऱ्याने वेळापत्रक विचारलं, तर तू दोन फवारण्या गाळून सांगितलंस. मी तिथेच होतो, मीही गप्प बसलो. त्याच्या बागेत तेल्या राहिला. पावसाचा शिंतोडा बांध बघून थांबतो का? यंदा आपली पहिली डागाळलेली झाडं कुठली होती? त्याच्या बांधालगतची ओळ.

दोन ट्रॉली फळं खड्ड्यात पुरली परवा.

आणि निबंधवाले सर, बाहेरगावाहून आला असाल तर मेल बघा. सगळा निबंध नको. सरस ठरलेल्या औषधाचं नाव आणि लिटरला किती, एवढंच पाठवा.