खुलासा : ब्रिटिश नौदलाचा अ‍ॅडमिरल नेल्सनच्या काळातले खलाशी तोफगोळ्यांनीच मरायचे का?

ट्रफाल्गरच्या समुद्री लढाईच्या चित्राखाली एक मेसेज फिरतोय की तेव्हाच्या ब्रिटिश नौदलात बहुतेक खलाशी तोफगोळ्यांनी मेले, आणि जे वाचले ते स्कर्व्हीने, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने. दोन्ही चूक आहे. १७९३ ते १८१५ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धांत लढाईत मेलेले एकूण मृत्यूंच्या दहा टक्केसुद्धा नव्हते, बाकीचे आजार, अपघात आणि बुडालेली जहाजं. ट्रफाल्गरला, १८०५ मध्ये, ब्रिटिशांचे साधारण साडेचारशे जण जागीच गेले, पण वेस्ट इंडिजमध्ये पिवळा ताप सुटला की गोळी न झाडता जहाजच्या जहाज आडवं व्हायचं. टायफस हा जीवघेणा ताप उवांमुळे पसरायचा, शेकडो माणसं खालच्या डेकवर खेटून झोपायची मग दुसरं काय होणार. स्कर्व्ही मात्र १७९५ पासून लिंबाचा रस द्यायला लागल्यावर बरीच आटोक्यात आली होती.

आणि अपघात तर रोजचेच हो, डोलकाठीवरून पडणं, पिंपं उचलून नाहीतर दोर ओढून हर्निया होणं, म्हणून नौदल कंबरेचे पट्टे पुरवायचं. लढाईतही गोळ्याइतकेच घातक होते लाकडाचे उडालेले तुकडे, जखमेत घुसून तिथेच सडायचे, आणि शस्त्रक्रिया शुद्धीतच, कारण भूल तर १८४६ नंतर आली.