याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती का?

आजारी माणसाच्या उशाशी बसून "तुमचा विश्वास कमी पडतोय" असं सांगणाऱ्यांवर आता मी खरंच चिडते. लिहायचं टाळत होते, कारण ही सगळी आपलीच माणसं. मनाने वाईट नाहीत, लोकलचे धक्के खात मुलुंडहून वसईपर्यंत प्रार्थनेला जातात. पण मध्यंतरी नात्यातल्या एका मावशीकडे हेच झालं. केमो चालू आहे तिची. भेटायला आलेले एक ब्रदर म्हणाले, "बरी झालेच आहे असंच म्हणा. रिपोर्टचं नाव काढू नका, तो अविश्वास." ते गेल्यावर मावशी म्हणाली, "अगं, भीती वाटते हे देवाला सांगायचीही चोरी झाली आता."

आधार म्हणून बायबलमधलं मार्क 11:24 दाखवतात. जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. वचन आहे, मी ते खोडायला बसलेले नाही. उलट अपेक्षा न ठेवता केलेली प्रार्थना मला पटतच नाही. आम्हा जुन्या मिशनच्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, खोड वेगळी. आम्ही इतकं सभ्यपणे "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणतो की नक्की काय मागितलं ते देवालाही कळू नये! लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या मागे हात धुऊन लागते, आणि येशू तिचंच उदाहरण देतो. तेव्हा मागायचं तर स्पष्ट मागावं.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मिळालं नाही, म्हणजे मागणाऱ्याचा विश्वास उणा, हे कुठून आलं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 काढा. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांनी बांधलेला. मंडळी योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. देवदूत त्याला सोडवतो, पेत्र येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. आणि ही प्रार्थनेला बसलेली मंडळी तिला काय म्हणते? तू वेडी आहेस! ज्याच्यासाठी मागत होते तोच दारात उभा आहे, यावर एकाचाही विश्वास बसत नाही. अपेक्षेच्या परीक्षेत सगळे नापास, तरी पेत्र सुटलाच.

आता त्याच अध्यायाचं दुसरं वचन. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. एवढंच, एका ओळीत. तोही येशूच्या बारा शिष्यांपैकीच, येशूचं रूप पालटलं त्या डोंगरावर त्याच्याबरोबर गेलेला. त्याच्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख नाही, पण मंडळीने त्याला वाऱ्यावर सोडलं असेल असं मला तरी वाटत नाही. जबदीच्या बायकोला, म्हणजे याकोबाच्या आईला, कोणी जाऊन सांगितलं असेल का, की बाई, तुमचा विश्वास कमी पडला?

इब्री 11, विश्वासाने जगलेल्यांची यादी, तर आपण उठताबसता वाचतो. 34व्या वचनात विश्वासाने लोक तलवारीपासून वाचले. 37व्या वचनात लोक तलवारीने मारले गेले. विश्वास दोघांचाही, आणि यादीही एकच. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूने दुःखाचा प्याला दूर कर म्हणून मागितलं. तिथे कोणाचा विश्वास मोजायचा? आणि मार्क 9 मधला बाप "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" असं एका दमात म्हणतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो.

माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे खास प्रार्थनेला, माणसं मेणाचे हात, पाय, घरं घेऊन येतात, बांद्र्याला माउंट मेरी चर्चलाही. आमच्याकडचे काही जण त्यावर नाक मुरडतात, "हा तर नवस झाला" म्हणतात. बरं. पण मेणाच्या पायाची किंमत दुकानात ठरलेली असते, ती देऊन बाई मोकळी होते. तुम्ही विश्वासच किंमत म्हणून मागता आणि किती ते कधीच सांगत नाही. काम झालं नाही की म्हणता, कमी भरला. शिवाय वसुली कोणाकडून, तर ज्याला सलाइन लागलंय त्याच्याकडून. मार्क 2 मध्ये पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि येशू "त्यांचा विश्वास" पाहतो. आजाऱ्याला विश्वासावरून कोणी छेडत नाही. तेव्हा विश्वास दाखवायची एवढीच हौस असेल तर खाट उचला. हॉस्पिटलात रात्रीची पाळी करा, डबा पोचवा.

एक सूचना. रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने काय केलं ते सांगताना, नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ विरघळली, हे सगळं ऐकायला मिळतं आणि मिळावंच, टाळ्या मीही वाजवते. पण ज्यांनी तितक्याच आशेने मागितलं, ज्यांना मिळालं नाही आणि जे तरीही दर रविवारी येऊन बाकावर बसतात, त्यांच्या हातात माइक कधी जाणार? पाळकसाहेब हे वाचत असतील तर पुढच्या कमिटी मीटिंगला हा विषय घ्यावा.